अल्बममधील चार छायाचित्रे

५ जून २००३ च्या रात्री नाशिकजवळच्या एका पेरूच्या बागेतील झोपडीवर दरोडा पडला. पाच जणांचे प्राण गेले, बलात्कार झाले आणि कुटुंबातील एक आई व तिचा मुलगा जखमी अवस्थेत कसेबसे वाचले. दोन दिवसांनी, ७ जूनला, पोलिसांनी त्या आईपुढे सराईत गुन्हेगारांच्या छायाचित्रांचा अल्बम ठेवला. तिने त्यातील चार चेहऱ्यांवर बोट ठेवले. या ओळखीची रीतसर नोंद झाली, कागद तयार झाला आणि तपासाच्या कागदपत्रांत जाऊन बसला. ज्यांची ओळख पटली होती त्या चौघांवर मात्र कधीच खटला भरला गेला नाही.

अटक झाली ती निराळ्याच सहा जणांना. ते भटक्या जमातीतील मजूर होते. ओळख परेडीत त्यांना ओळखल्याचे नोंदवण्यात आले. जून २००६ मध्ये नाशिकच्या सत्र न्यायालयाने सहाही जणांना फाशीची शिक्षा सुनावली. मार्च २००७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तिघांची फाशी कायम केली व तिघांना जन्मठेप दिली. ३० एप्रिल २००९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने राज्य सरकारचे अपील मान्य करून त्या तिघांनाही पुन्हा फाशीच्या रांगेत आणून उभे केले. त्यानंतर दहा वर्षांनी, ५ मार्च २०१९ रोजी, त्याच सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना निर्दोष सोडले. न्या. अर्जनकुमार सिक्री यांच्या अध्यक्षतेखालील खंडपीठाचा हा निकाल होता आणि न्या. सिक्री दुसऱ्याच दिवशी निवृत्त होणार होते. ते सहा जण तोवर सोळा वर्षे तुरुंगात होते व त्यांतील एक जण गुन्ह्याच्या वेळी अल्पवयीन असल्याचे दरम्यानच्या काळात निष्पन्न झाले होते.

चित्रपटांनी आपल्याला न्यायालयीन नाट्याची एक ठराविक कल्पना दिली आहे. शेवटच्या दृश्यात वकील एखादा दडवलेला पुरावा उंचावतो, साक्षीदार कोसळतो आणि न्यायाधीश चष्मा काढून ठेवतात. (चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’ने ती कल्पना मोडली. पण त्यातील रटाळपणा हाच खरा न्यायालयाचा चेहरा आहे, हे वकिली करणाऱ्यांखेरीज कितीजणांना पटले असेल याविषयी शंका आहे.) प्रस्तुत खटल्यात दडवलेला पुरावा नव्हताच. चार छायाचित्रांची ती गोष्ट पहिल्या दिवसापासून अभिलेखात होती. घटनास्थळी मिळालेले बोटांचे ठसे आरोपींच्या ठशांशी जुळत नव्हते, हेही कागदावरच होते. तीन न्यायालयांनी ते कागद आपल्यासमोर असताना निकाल दिले. म्हणजे या सहा जणांना वाचवण्यासाठी कुणाला काही शोधून काढायचे नव्हते. जे लिहिलेले आहे ते पुन्हा वाचा, एवढेच न्यायालयाला पटवून द्यायचे होते. आणि हेच आपल्या व्यवस्थेत सर्वांत अवघड काम आहे.

ते अवघड का, हे समजून घेण्यासाठी थोडे तांत्रिक तपशिलात जावे लागेल. सर्वोच्च न्यायालयाने अपील फेटाळले की कायद्याच्या दृष्टीने प्रकरण संपते. उरतो तो फेरविचाराचा दरवाजा, आणि तो फारच अरुंद आहे. फेरविचार याचिकेत पुराव्याचे नव्याने मूल्यमापन करून मागता येत नाही. निकालात सकृद्दर्शनी दिसणारी उघड चूक दाखवावी लागते. शिवाय अशी याचिका न्यायमूर्तींच्या दालनात, केवळ कागदपत्रे फिरवून निकाली काढण्याचा प्रघात. वकिलाला तोंड उघडण्याची संधीच नाही. ज्या खंडपीठाने फाशी दिली त्याच खंडपीठाला, बंद दाराआड, आपली चूक झाली असे स्वतःहून वाटावे, अशी ही अपेक्षा होती.

२ सप्टेंबर २०१४ रोजी घटनापीठाने यात एक फट पाडली. मोहम्मद आरिफ प्रकरणात चार विरुद्ध एक अशा बहुमताने न्यायालयाने ठरवले की, फाशीच्या प्रकरणांतील फेरविचार याचिका किमान तीन न्यायमूर्तींपुढे आणि खुल्या न्यायालयात ऐकली जाईल. तोंडी युक्तिवादाची कमाल मर्यादा अर्धा तास. न्या. रोहिंटन नरिमन यांनी लिहिलेल्या या निकालाने आधी याचिका फेटाळली गेलेल्या, पण अद्याप फासावर न चढवलेल्या कैद्यांनाही पुन्हा दार ठोठावण्याची मुभा दिली. एका माणसाच्या आयुष्यासाठी अर्धा तास ही कंजुषी वाटेल. पण त्याआधी तेवढाही वेळ नव्हता.

नाशिकच्या सहा जणांसाठी हीच फट कामी आली. त्यांच्या वकिलांच्या हाती आणखी एक गोष्ट होती, ती शिक्षेसंबंधीची. २००९ च्या निकालाने तिघांची जन्मठेप फाशीत बदलताना १९९६ च्या एका जुन्या निवाड्याचा आधार घेतला होता. शिक्षा ठरवताना गुन्हा पाहावा, गुन्हेगार नव्हे, असा त्याचा आशय. या निकालानंतर अवघ्या दोन आठवड्यांनी, १३ मे २००९ रोजी, सर्वोच्च न्यायालयाच्याच दुसऱ्या खंडपीठाने तो जुना निवाडा घटनापीठाच्या बंधनकारक निर्णयाकडे दुर्लक्ष करून दिलेला असल्याने ग्राह्य नाही, असे स्पष्ट केले. २०१२ मध्ये चौदा निवृत्त न्यायमूर्तींनी राष्ट्रपतींना पत्रे लिहून अशा चुकीच्या आधारावर फाशी झालेल्यांची शिक्षा बदलावी अशी विनंती केली. त्यांच्या यादीत हे सहा जणही होते. या विनंतीत त्यांच्या अपराधाविषयी शंका नव्हती, वाद फक्त शिक्षेचा होता. शिक्षेवरून सुरू झालेला हा वाद अखेर अपराधापर्यंत पोहोचला. ३१ ऑक्टोबर २०१८ रोजी न्यायालयाने आपला २००९ चा निकाल मागे घेतला, अपिले पुन्हा ऐकायचे ठरवले, आणि मगच तो अल्बमचा कागद कुणीतरी खऱ्या अर्थाने वाचला.

इथे एक प्रश्न अस्वस्थ करतो. न्यायालय शिक्षेच्या मुद्द्यावर चुकले नसते तर? २००९ च्या खंडपीठाने तिघांची जन्मठेप कायम ठेवली असती, तर त्या तिघांसाठी खुल्या सुनावणीचा हक्क उरला नसता, कारण तो केवळ फाशीच्या कैद्यांना आहे. म्हणजे त्यांचे दुर्दैवच त्यांच्या कामी आले. जन्मठेप भोगणाऱ्या आणि निर्दोष असणाऱ्या कैद्यांसाठी आजही हे दार बंदच आहे. आपल्याकडे ब्रिटनसारखा, संपलेल्या प्रकरणांत पुन्हा डोकावून ती अपील न्यायालयाकडे धाडणारा स्वतंत्र आयोग नाही. तिथे तो १९९७ पासून काम करतो आहे. आपल्याकडे हे काम एखाद्या वकिलाच्या चिकाटीवर आणि कैद्याच्या नशिबावर सोपवलेले आहे. आणि असा वकील कोणाला परवडतो? दिल्लीच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठाने २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालासाठी देशभरातील ३७३ फाशीच्या कैद्यांची माहिती गोळा करण्यात आली होती. त्यांतील सुमारे ७४ टक्के आर्थिकदृष्ट्या दुर्बळ होते. राज्यघटनेच्या अनुच्छेद ३९-अ ने १९७६ पासून मोफत विधी साहाय्याचे आश्वासन दिले आहे. पण मोफत वकील मिळणे आणि फाईलमधले प्रत्येक पान वाचणारा वकील मिळणे यांत बरेच अंतर आहे.

२०१९ च्या निकालात आणखी दोन गोष्टी होत्या. तपासात कसूर करणारे अधिकारी हुडकून, ते सेवेत असल्यास त्यांच्यावर खातेनिहाय कारवाई करावी, असे न्यायालयाने राज्य शासनाला सांगितले. आणि प्रत्येकाला पाच लाख रुपये भरपाई चार आठवड्यांत द्यावी, असा आदेश दिला. सोळा वर्षांच्या तुरुंगवासाला भागले तर दिवसाला सुमारे ८५ रुपये पडतात. तरीही हा आदेश अपवादात्मक उदारतेचा मानावा लागतो, कारण त्याच न्यायालयाने तीन वर्षांपूर्वी अगदी उलट भूमिका घेतली होती.

ते प्रकरण अक्षरधामचे. सप्टेंबर २००२ मध्ये गांधीनगरच्या मंदिरावर दहशतवादी हल्ला झाला. दोन्ही हल्लेखोर मारले गेले. वर्षभरानंतर कट रचल्याच्या आरोपाखाली सहा जण पकडले गेले. ‘पोटा’ न्यायालयाने २००६ मध्ये त्यांतील तिघांना फाशी दिली, २०१० मध्ये गुजरात उच्च न्यायालयाने ती कायम केली. १६ मे २०१४ रोजी, म्हणजे लोकसभेचे निकाल लागत असताना, न्या. ए. के. पटनायक व न्या. व्ही. गोपाल गौडा यांनी सहाही जणांना निर्दोष ठरवले. निकालातील एक तपशील विसरता येत नाही. हल्लेखोरांच्या खिशात सापडल्याचे सांगितलेली दोन उर्दू पत्रे पुराव्याचा मोठा आधार होती. मृतदेह गोळ्यांनी चाळण झालेले आणि रक्ताने भिजलेले होते. पत्रांवर मात्र ना गोळीचे छिद्र, ना रक्ताचा डाग. इथेही पुरावा डोळ्यांपुढेच होता. फक्त त्याच्याकडे शंकेने पाहणारा माणूस सर्वोच्च न्यायालयात भेटला.

सुटल्यावर यांतील काहींनी भरपाईसाठी सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. जुलै २०१६ मध्ये न्यायालयाने नकार दिला. निर्दोष सुटका झाली म्हणून भरपाई मिळू लागली तर तो धोकादायक पायंडा पडेल, अशी न्यायालयाची भूमिका होती. याचिका मागे घ्यावी लागली. एकाच इमारतीतून, तीन वर्षांच्या अंतराने, एकीकडे पाच लाख आणि दुसरीकडे शून्य. या फरकामागे कोणताही नियम नाही, कारण नियमच अस्तित्वात नाही. १९८३ मध्ये बिहारच्या रुदुल शाह प्रकरणात, निर्दोष सुटल्यानंतरही चौदा वर्षे डांबून ठेवलेल्या कैद्याला न्यायालयाने पस्तीस हजार रुपये देववले. तिथून भरपाईची ही परंपरा सुरू होते. पण ती न्यायाधीशांच्या दयाबुद्धीची परंपरा आहे, हक्काची नव्हे. नागरी व राजकीय हक्कांच्या आंतरराष्ट्रीय करारात भारत १९७९ मध्ये सामील झाला. त्याचे चौदावे कलम चुकीच्या दोषसिद्धीसाठी कायद्यानुसार भरपाईची तरतूद करते. त्याच वेळी भारताने असेही नोंदवून ठेवले की, बेकायदा अटकेसाठी आमच्या व्यवस्थेत भरपाईचा अंमलात आणण्याजोगा हक्क नाही.

दिल्ली उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०१७ मध्ये हा विषय विधी आयोगाकडे सोपवला आणि आयोगाने ऑगस्ट २०१८ मध्ये २७७ वा अहवाल दिला. विशेष न्यायालये, ठराविक मुदतीत निर्णय, पैशाच्या जोडीने समुपदेशन व रोजगाराचे साहाय्य अशा त्यातील शिफारशी वाचताना बरे वाटते. पण आयोगाने भरपाईसाठी ‘अन्याय्य फिर्याद’ हा निकष ठेवला आहे. पोलिसांनी अथवा सरकारी पक्षाने दुष्ट हेतूने किंवा सद्भावनेविना कारवाई केल्याचे सिद्ध व्हायला हवे. माझ्या मते हा निकष फार चिंचोळा आहे. नाशिकच्या प्रकरणात अल्बमचा कागद बाजूला ठेवला गेला तो दुष्टाव्याने की निव्वळ आळसाने, हे सोळा वर्षांनी कोण कसे सिद्ध करणार? आणि तुरुंगात बसलेल्या माणसाला या दोहोंत काय फरक पडतो? शिवाय तीन न्यायालयांच्या दुर्लक्षाचे काय, याविषयी हा निकष मौन बाळगतो.

अहवालानंतर सरकारला संधी चालून आली होती. सगळी फौजदारी प्रक्रियाच नव्याने लिहिली गेली व १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली. वसाहतवादी वारसा पुसून टाकण्याची भाषा त्यावेळी बरीच झाली. चुकीने शिक्षा भोगलेल्यांसाठी मात्र तीत वेगळे प्रकरण नाही. जुन्या संहितेतले निराधार अटकेच्या भरपाईचे कलम तेवढे नव्या क्रमांकाने कायम आहे आणि त्यातील कमाल रक्कम आहे एक हजार रुपये, तीही अटक घडवून आणणाऱ्या व्यक्तीकडून. सरकारी तिजोरीवर तिचा भार नाही.

जुलै २०२५ मध्ये तमिळनाडूतील एका फाशीच्या कैद्याला निर्दोष सोडताना सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा एकवार हा विषय काढला. अमेरिकेतील भरपाईच्या कायद्यांचा दाखला दिला. तिथे संघराज्याच्या कायद्यानुसार फाशीच्या छायेत काढलेल्या प्रत्येक वर्षासाठी एक लाख डॉलरपर्यंत, एरवी वर्षाला पन्नास हजार डॉलरपर्यंत मिळू शकतात. आपल्याकडे याचा विचार कायदेमंडळाने करायचा आहे, असे न्यायालय म्हणाले.