प्लेनोच्या नळाला येणारा वास

अमेरिकेत टेक्सास राज्यात, डॅलस शहराच्या उत्तरेस प्लेनो नावाचे शहर आहे. संगणकाच्या नोकऱ्यांमुळे महाराष्ट्रातून गेलेली बरीच मराठी कुटुंबे तेथे स्थायिक झाली आहेत. माझ्या मावसबहिणीची मुलगी लग्न होऊन त्याच शहरात नांदते. एका मार्च महिन्यात तिचा घाईघाईने फोन आला. "मावशी, नळाला पोहण्याच्या तलावासारखा वास येतोय. बाळाचं दूध या पाण्यात करू की नको? आणि मामंजींचं डायलिसिस आहे, त्यांना काही होणार नाही ना?"

मी शिक्षिका, डॉक्टर नव्हे. तिला बिलावरच्या क्रमांकावर फोन करायला सांगितले आणि स्वतः वाचायला बसले. वाचता वाचता एक गोष्ट ध्यानी आली. आपण ज्याला आरोग्य खाते म्हणतो ते एक खाते नसतेच. पाण्याचा माणूस वेगळा, हवेचा वेगळा, डासांचा वेगळा, इस्पितळातला वेगळा. शहराचे आरोग्य या साऱ्यांच्या वह्या एकमेकांच्या टेबलावर पोहोचतात की नाही, यावर अवलंबून असते.

प्रथम पाण्याचे पाहू. प्लेनोला पाणी पुरवते ते नॉर्थ टेक्सास म्युनिसिपल वॉटर डिस्ट्रिक्ट. ही संस्था १९५१ साली स्थापन झाली. लॅव्हन तलावाचे पाणी वायली या गावी शुद्ध होऊन अनेक शहरांना जाते. वर्षातील बहुतेक दिवस त्यात क्लोरामाइन, म्हणजे क्लोरीन आणि अमोनिया यांचे संयुग असते. ते लांबच्या नळापर्यंत टिकते आणि त्याला वासही कमी. परंतु त्यातील अमोनियावर जगणारे काही सूक्ष्म जीव नळांच्या आतल्या अंगाला वस्ती करतात आणि मग औषधाचा जोर कमी होतो. म्हणून वसंत ऋतूत साधारण एक महिना अमोनिया बंद करून नुसते क्लोरीन सोडतात. हाच तो वास. आपण वर्षातून एकदा मोठी पातेली चिंचेने घासून काढतो, तसा हा प्रकार.

मग सगळे ठीकच म्हणायचे का? २०१८ च्या मार्चमध्ये प्लेनोतील आयांनी हाच प्रश्न मोठ्याने विचारला. एरिन ब्रॉकोविच या पाण्याच्या प्रश्नांवर लढणाऱ्या प्रसिद्ध बाईंनी त्यांची बाजू उचलून धरली आणि प्रकरण वर्तमानपत्रांत गाजले. पाणी नियमांत बसते, असे जलसंस्थेचे म्हणणे. पण नुसते क्लोरीन तलावाच्या पाण्यातील पालापाचोळ्याच्या अंशाशी मिसळले की ट्रायहॅलोमिथेन नावाची द्रव्ये तयार होतात. त्यांची मर्यादा लिटरमागे ८० मायक्रोग्रॅम, आणि तीही वर्षाच्या सरासरीवर मोजायची. एका महिन्यात आकडा चढला तरी सरासरीत तो झाकला जातो, ही आयांची शंका अगदीच पोकळ नव्हती. उलट नळांत जंतू वाढू देणे हा धोका कितीतरी मोठा. माझ्या मते दोघांचेही खरे होते. चूक असेल तर एवढीच, की आपल्या घरच्या पाण्यात काय बदलते आहे हे ज्यांना आधी समजायला हवे, त्यांना ते नाकाने समजले.

मामंजींचा प्रश्न मात्र या वासाच्या महिन्यापुरता नाही, बारा महिन्यांचा आहे. आपल्या बेटावर मधुमेहाने किती घरांत डायलिसिसची वेळ आणली आहे, हे वाचकांना सांगायला नको. चार तासांच्या एका बैठकीत रोग्याच्या रक्ताशेजारून, पातळ पडद्याच्या पलीकडून, सुमारे १२० लिटर पाणी वाहते. पिताना निरुपद्रवी असलेले क्लोरामाइन तेथून रक्तात शिरले तर तांबड्या पेशी फुटतात. म्हणून केंद्रात कोळशाच्या दोन टाक्या एकापाठोपाठ एक बसवलेल्या असतात. रोग्यांची प्रत्येक पाळी सुरू होण्याआधी तंत्रज्ञ पाणी तपासून आकडा वहीत लिहितो. जलसंस्थेने औषध बदलले की ही बातमी त्याच्याकडे वेळेवर यावी लागते. रोग्याला या माणसाचे नावही माहीत नसते.

प्लेनोच्या उत्तरेला लागूनच फ्रिस्को आहे. तेथे १९६४ पासून जुन्या मोटारींच्या बॅटऱ्या वितळवून शिसे काढण्याचा कारखाना चाले. तेव्हा गाव लहान होते. पुढे शाळा आणि नवी घरे कारखान्याच्या जवळ आली. शिशाची धूळ दिसत नाही, तिला वास नाही, पण लहान मुलाच्या मेंदूची वाढ ती खुंटवते. हवेतल्या शिशाची मर्यादा केंद्र सरकारने १९७८ साली घनमीटरला १.५ मायक्रोग्रॅम ठरवली होती. २००८ मध्ये ती दहापटीने खाली आणून ०.१५ केली. गाळणीच्या कागदावर हवा खेचून शिसे मोजणाऱ्यांच्या आकड्यांत फ्रिस्को नापास झाले. अखेर २०१२ च्या नोव्हेंबरअखेर कारखाना बंद झाला. या आकड्याला तीस वर्षे लागली. त्या तीस वर्षांत तेथे वाढलेल्या मुलांचा हिशेब कोणी मांडायचा?

डासांची गोष्ट याहून बोलकी आहे. १९९९ च्या उन्हाळ्यात न्यू यॉर्कमध्ये म्हातारी माणसे मेंदूज्वराने आजारी पडू लागली. क्वीन्समधील इस्पितळातल्या डॉ. डेबोरा ॲस्निस यांनी शहराच्या आरोग्य खात्याला कळवले. त्याच सुमारास कावळे मरून पडत होते. ब्रॉन्क्सच्या प्राणिसंग्रहालयातील पशुवैद्य डॉ. ट्रेसी मॅकनमारा यांच्यापुढे मेलेले फ्लेमिंगो आले, तेव्हा माणसांचा आणि पक्ष्यांचा आजार एकच असावा असे त्यांना वाटले. मोठ्या संस्थेने आधी दुसऱ्याच रोगाचे नाव जाहीर केले होते. माणसांचे डॉक्टर आणि जनावरांचे डॉक्टर यांची खाती निरनिराळी! काही आठवड्यांनी उलगडा झाला: वेस्ट नाइल विषाणू, अमेरिकेत प्रथमच.

तेरा वर्षांनी, २०१२ साली, तो डॅलस परिसरात भडकला. टेक्सासमध्ये १,८६८ रुग्ण आणि ८९ मृत्यू. एकट्या डॅलस काउंटीत १९ माणसे गेली आणि १९६६ नंतर प्रथमच विमानातून औषध फवारावे लागले. नंतर अभ्यासकांनी सापळ्यांच्या वह्या तपासल्या. एका सापळ्यात सरासरी किती डास सापडले आणि त्यांतले किती विषाणूग्रस्त, या दोहोंचा गुणाकार माणसे आजारी पडण्याच्या एक-दोन आठवडे आधीच चढत होता. इशारा वहीत होता. प्लेनोतही शहराची माणसे उन्हाळाभर असे सापळे लावतात, नाल्याकाठी, बागांमागे. हीच खाती उपाहारगृहांची स्वयंपाकघरे आणि पोहण्याचे तलावही तपासतात.

आपल्याकडेही असा एक माणूस दारी येतो. पंढरपूर-आळंदी करून परतलो की विमानतळावर पत्ता लिहून घेतात आणि काही दिवसांनी आरोग्य खात्याचा मनुष्य घरी येऊन बोटाचे रक्त नेतो. आमच्या शेजारच्या आजी दरवेळी त्याच्याशी भांडतात: "मला ताप नाही, मग टोचतोस कशाला?" ताप नसतानाही मलेरियाचा जंतू अंगात असू शकतो, म्हणूनच टोचतो. १९७३ साली मॉरिशस मलेरियामुक्त जाहीर झाले. १९७५ च्या फेब्रुवारीत जेर्व्हेझ चक्रीवादळ आले आणि त्यानंतर रोग परतला. तो पुन्हा हटवायला १९९७ उजाडले. अमेरिकेने तर मलेरिया १९५१ सालीच संपवला होता, पण २०२३ मध्ये टेक्सासच्या कॅमरॉन काउंटीत परदेशी न गेलेल्या एका माणसाला तो झालाच. आजींना मी हे सांगितले. त्यांनी बोट पुढे केले, पण चेहरा वळवून.

भाचीने फोन लावला होता. पलीकडच्या बाईंनी महिना कधी संपतो ती तारीख सांगितली, पाण्याचा रंग बदलला आहे का ते विचारले, पत्ता लिहून घेतला. पाणी भांड्यात भरून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवले तर वास उतरतो, हेही सांगितले. डायलिसिस केंद्रात तिने मामंजींसोबत जाऊन तंत्रज्ञाची वही पाहायला मागितली. त्याने आनंदाने दाखवली. आजवर कोणी मागितली नव्हती म्हणे.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात वास गेला.