वाहू मासा व चालत्या होडीमागें गळ ओढण्याची रीत

ऊंस, भात आणि आंबा यांच्या शेजारीं समुद्रांतल्या माशास जागा कशासाठीं, असें आमच्या मासिकाच्या कित्येक वाचकांस वाटेल. त्यांस आमचें नम्र उत्तर असें कीं, कोंकणांतल्या पुष्कळ खातेदारांचें एक पाऊल जमिनींत, तर दुसरें पाण्यांत असतें. आणि घाटावरच्या शेतकऱ्यासही, पीक खळ्यांतून घरीं येईपर्यंत तें आपलें नव्हे, हा अनुभव नवा नाहीं. प्रस्तुत लेखांतला मासा हाच धडा देणारा आहे.

आम्हीं महसूल खात्यांत तीस वर्षें कारकुनी केली. सात-बाराचे उतारे लिहिण्यांत व आणेवारीचे तक्ते भरण्यांत आयुष्य गेलें. समुद्र मात्र आमच्या दप्तरांत कधीं आला नाहीं. सेवानिवृत्तीनंतर, लक्षद्वीपांत नोकरीस असलेल्या भाच्याकडे एक हिवाळा राहण्याचा योग आला, आणि तेथें वाहू नांवाचा मासा धरण्याची रीत जवळून पाहावयास मिळाली. जें पाहिलें, आणि मागाहून चौकशी करून जें समजलें, तें येथें देत आहों.

वाहू हा बांगडा, सुरमई आणि कुपा यांच्याच कुळांतला. शास्त्रज्ञ त्यास अॅकँथोसायबियम सोलांड्री म्हणतात, आणि त्याच्या वंशांत ही एकच जात आहे. शरीर भाल्यासारखें लांब. पाठ गर्द निळी. दोन्ही बाजूंस उभे निळे पट्टे. मासा मेला कीं हे पट्टे थोड्याच वेळांत फिके पडतात. जबड्यांत बारीक करवती कडेचे त्रिकोणी दांत अगदीं खेटून बसविलेले असतात. १९६४ सालीं शास्त्रज्ञांनीं गळास लागलेल्या वाहूचा वेग मोजला, तेव्हां क्षणभराच्या धांवेंत तो ताशीं सुमारें ७७ किलोमीटर भरला. वाढही तशीच जलद. वर्षभरांत हा मासा सुमारें एक मीटर लांब होतो. गळानें धरलेल्या वाहूंपैकीं नोंदलेला सर्वांत मोठा २००५ सालीं मेक्सिकोच्या समुद्रांत सांपडला; त्याचें वजन ८३ किलोग्रॅमहून कांहींसें अधिक होतें. मात्र वाहू बांगड्याप्रमाणें मोठ्या थव्यानें फिरत नाहीं. एकटा किंवा लहानशा टोळीनें हिंडतो. म्हणून त्याच्यासाठीं जाळें टाकून फारसा लाभ नसतो. गळ हेंच त्याचें खरें साधन.

हा मासा राहतो कोठें, हें प्रथम समजून घेतलें पाहिजे. मुंबईसमोर समुद्राचा तळ सुमारें ३०० किलोमीटरपर्यंत हळूहळू उतरत जातो, आणि मगच खोल पाणी लागतें. दक्षिणेकडे ही उथळ पट्टी अरुंद होत जाते. वाहूस खोल, निळें व उबदार पाणी हवें. त्यामुळें कोंकणच्या बंदरांतून पहांटे निघून सायंकाळीं परतणाऱ्या होडीस त्याची भेट क्वचितच घडते. लक्षद्वीपाची गोष्ट निराळी. हीं बेटें प्रवाळाचीं. वस्ती १० बेटांवर, आणि सारी जमीन मिळून अवघी ३२ चौरस किलोमीटर. बेटाच्या एका अंगास, बहुधा पश्चिमेस, उथळ व शांत पाणी असतें. त्याच्याभोंवतीं प्रवाळाचा बांध असतो. आणि बांध ओलांडला कीं थोड्याच अंतरावर शेंकडों मीटर खोली लागते. शेताच्या बांधाबांधानें मुंगूस जसें फिरतें, तसा वाहू ह्या कड्याच्या बाजूनें शिकार शोधीत फिरतो. पाण्यावर तरंगत आलेला मोठा ओंडका दिसला, तर त्याच्या आसपासही तो सांपडतो. पहांटेचा उजेड फुटतांना व सूर्य मावळतांना त्याची भूक विशेष असते. पावसाळ्यांत समुद्र खवळलेला असल्यामुळें होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवतात. हंगाम तो उघडिपीचाच.

आतां रीत. होडी चालूं ठेवून तिच्यामागें आमिष लावलेले दोर ओढीत नेणें, यास इंग्रजींत ट्रोलिंग म्हणतात. आम्ही यास ओढगळ म्हणूं. यांत चार गोष्टी सांभाळाव्या लागतात.

पहिली गोष्ट वेगाची. खऱ्या माशाचें आमिष असेल तर होडी ताशीं ६ ते ९ सागरी मैल, म्हणजे ११ ते १७ किलोमीटर चालवावी. याहून वेग वाढला तर आमिष पाण्यांत फाटून जातें. बहामा बेटांकडे हौशी लोक ताशीं १२ ते १८ सागरी मैल वेगानेंही वाहू धरितात. परंतु त्यासाठीं शिशाच्या जड डोक्याचें, रंगीत झालरीचें खोटें आमिष लागतें, आणि त्याच्यापुढें किलोभर वजन बांधावें लागतें. या वेगानें थोड्या वेळांत पुष्कळ पाणी पालथें घालतां येतें हें खरें. पण तेलाचा खर्च वेगाच्या प्रमाणाहून अधिक वाढतो. पोटासाठीं समुद्रावर जाणाऱ्यास तो मार्ग परवडणारा नाहीं.

दुसरी गोष्ट खोलीची. सारे दोर पाण्याच्या वरच्याच थरांत ओढूं नयेत. एखादा तरी खोल न्यावा. यासाठीं वजन बांधितात, किंवा दोरावर धातूची एक तिरपी फळी लावितात. ही फळी नांगराच्या फाळासारखी समजावी. बैल पुढें ओढितात आणि फाळ मातींत शिरतो. तशीच होडी पुढें जाते आणि फळी पाण्यांत खालीं शिरून आमिषास बरोबर नेते. मासा लागला म्हणजे तिचा कोन मोडतो, आणि ती विनासायास वर येते.

तिसरी गोष्ट गळाची. वाहूचे दांत नायलॉनचा जाड दोरही कापून टाकितात, म्हणून गळाच्या अलीकडे सुमारें एक मीटर पोलादी तार घातलीच पाहिजे. हा मासा भक्ष्याच्या मागून येऊन शेंपटीकडचा भाग तोडितो. म्हणून एक गळ आमिषाच्या डोक्याजवळ व दुसरा शेंपटीकडे, असे दोन लावावे. दोर व तार जोडणारी फिरकी काळी असावी. चकचकीत फिरकी पाहून दुसरा वाहू तिच्यावरच तोंड टाकितो, आणि तारेच्या मागचा दोर तुटून सारा सरंजाम समुद्रार्पण होतो. प्रत्येक गांठ निघण्यापूर्वीं ओढून पाहावी, आणि एक मासा लागून गेल्यावर पुन्हां पाहावी.

चौथी गोष्ट ताणाची, आणि हीच सर्वांत महत्त्वाची. ती आम्ही आमच्याच चुकीवरून शिकलों.

जानेवारींतल्या एका पहांटे भाच्याच्या शेजाऱ्यांच्या होडींतून आम्ही निघालों. होडीचे मालक साठीच्या घरांतले; आमच्याकडे ज्यांस नाखवा म्हणतात तसे. बरोबर त्यांचे दोन मुलगे. धाकटा सुकाणूवर व इंजिनावर होता. बांध ओलांडून उजेड फुटतो न फुटतो तोंच एका दोरास असा हिसका बसला कीं, दोर जेथें बांधला होता तेथील रबराची पट्टी हातभर ताणली गेली. आम्ही उभे राहिलों, आणि मोठ्यानें ओरडलों, "थांबवा! थांबवा!" गाडीखालीं कांहीं आलें म्हणजे गाडीवानास ओरडावें, तसें. धाकट्यास शब्द समजला नसेल; पण वडील माणसाचा हात वर झालेला पाहून त्यानें इंजिन मंद केलें. होडी रेंगाळली, दोर सैल पडला, आणि क्षणांत सारें शांत झालें. दोर ओढून घेतला तों गळ सरळ परत आला. त्यावर आमिषाचें नुसतें डोकें उरलें होतें.

भाचा हळूच म्हणाला, "मामा, या माशाला इंजिन थांबवायचें नसतें हो."

कारण त्यानें मागाहून समजावून दिलें. वाहूचा जबडा हाडाचा. गळ त्यांत खोल रुतत नाहीं. धांवतांना मासा डोकें झटकतो, आणि त्याच वेळीं दोर क्षणभर जरी ढिला पडला तरी गळ निसटतो. म्हणून मासा लागल्यावरही होडी त्याच वेगानें कांहीं अंतर चालूं ठेवावी, आणि नंतर वेग उतरवावयाचा तो हळूहळू. परंतु पुढची चाल पूर्ण बंद करूं नये. उलट, ताण फाजील असेल तर गळ मांस फाडून निघतो. बैलाचा कासरा धरणाऱ्यास हें अधिक सांगावें लागत नाहीं: ओढून धरला तर जनावर बिथरतें, सैल सोडला तर रान धरितें.

त्या दिवशीं इंजिनांत घातलेलें तेल उसनवारीचें होतें, हेंही भाच्याकडूनच कळलें. तो मासा आला असता तर तेलाचे पैसे फिटून घरीं कांहीं उरलें असतें. आम्ही फार ओशाळलों, आणि खिशांत हात घालूं लागलों. नाखव्यांनीं हात जोडले व मान हलविली. मग त्यांनीं आम्हांस उठवून इंजिनाच्या दांड्याजवळ, धाकट्याच्या शेजारीं बसविलें, आणि खुणेनें सांगितलें कीं, ही दांडी खालीं येऊं द्यावयाची नाहीं, हें तुमचें काम. ज्याच्या हातून चूक झाली, त्यासच तिच्यावर पहाऱ्यास बसविलें! तीस वर्षांच्या नोकरींत अनेक वरिष्ठ पाहिले. असा एकच आढळला.

ऊन तापण्यापूर्वीं दुसरा वाहू लागला. आमचा हात दांडीवर घट्ट होता. थोरल्यानें हातांस फडकें गुंडाळून दोर न थांबतां, एका लयींत ओढला. मासा होडीशेजारीं येतांच नाखव्यांनीं त्याच्या डोक्यामागें लोखंडी आंकडा घातला, आणि आंत घेतांक्षणींच लाकडी सोट्याचा एक घाव दिला. ही घाई निर्दयपणाची नव्हे. जिवंत वाहू होडींत उसळला तर त्याचे दांत माणसाची पोटरी उघडी करितात. मरेपर्यंत, आणि मेल्यावरही, त्याच्या तोंडाजवळ हात नेऊं नये. तराजूंत तो साडेचौदा किलो भरला, आणि तेलाची उसनवारी त्या दिवशींच फिटली.

येथें काम संपतें असें कोणीं समजूं नये. मासा धरल्याबरोबर कल्ल्यांजवळ कापून त्याचें रक्त जाऊं द्यावें, पोट साफ करावें आणि तो बर्फांत पुरावा; माशाच्या वजनाइतका बर्फ घेऊन निघावें. या कुळांतले मासे उन्हांत राहिले तर त्यांच्या मांसांत हिस्टामीन नांवाचें द्रव्य उत्पन्न होतें. त्यानें अंगावर गांधी उठतात, तोंड लाल होतें, डोकें दुखतें व ओकाऱ्या होतात. आणि एकदां उत्पन्न झालेलें हें द्रव्य कितीही शिजविलें तरी नष्ट होत नाहीं. पोट साफ करितांना जठरांत बोटाएवढे दोन मांसल कृमि बहुधा दिसतात. गुरांच्या यकृतांत जो चपटा कृमि होतो, त्याच वर्गांतले हे. यांच्यापासून माणसास अपाय नाहीं. आंतडीं टाकून द्यावीं, मासा टाकूं नये. मांस पांढरें, घट्ट व फार रुचकर असतें. हवाई बेटांत या माशास ओनो म्हणतात, आणि त्या शब्दाचा अर्थच रुचकर असा आहे.

ओढगळाचा आणखी एक गुण सांगितला पाहिजे. यांत मासा एकेक करून हातीं येतो; लहान असेल तर सोडून देतां येतो. तळ खरवडून पिल्लांसह सारें उचलणाऱ्या जाळ्याप्रमाणें यांत पुढच्या वर्षाचें बियाणें खाल्लें जात नाहीं. बियाणें राखणें म्हणजे काय, हें शेतकऱ्यास आम्हीं सांगावें असें नाहीं.

घरीं परतल्यावर आमच्या खातेवहींत त्या दिवसाची नोंद आम्हीं अशी केली: एक मासा आमच्या ओरडण्यानें गेला, एक आमच्या गप्प बसण्यानें आला. ज्या वाचकांस समुद्रावर जाण्याचा योग येईल, त्यांनीं तार पाहावी, गांठ पाहावी, बर्फ न्यावा, आणि मासा लागतांच इंजिनाकडे हात करूं नये. ज्यांस तो योग येणार नाहीं, त्यांनीं कासरा हातीं घेतांना या नोंदीची आठवण ठेवावी, इतकी विनंती करून हा लेख पुरा करितों.