बेळगाव-दिल्ली विमान अडीच तासांचं. मग निपाणीकराचे आठ तास जातात कुठे?

बेळगाव : मुलाखत, परीक्षा, सैन्यातली रुजुवात किंवा सर्वोच्च न्यायालयातली तारीख, अशा कामांसाठी सीमाभागातून दिल्लीला जाणाऱ्यांची संख्या कमी नाही. सीमाप्रश्नाचा २००४ चा दावाही तिथंच आहे. पण "विमान अडीच तासांत पोचतं, सकाळी निघू" असा हिशेब केला, तर काम हुकू शकतं.

सांबरा विमानतळ ते दिल्ली हे हवाई अंतर सुमारे १,४३० किलोमीटर. ताशी ८०० किलोमीटरने भागलं, तर पावणेदोन तासच येतात. तरी तिकिटावर अडीच तासांच्या आसपास वेळ असते. कारण ती वेळ विमान जागेवरून हलल्यापासून दिल्लीत जागेवर थांबेपर्यंतची असते. धावपट्टीपर्यंत जाणं, वर चढताना आणि खाली उतरताना कमी असलेला वेग, ठरलेल्या हवाई मार्गाची वळणं आणि दिल्लीवर उतरण्यासाठीची रांग, हे सगळं त्यातच धरलेलं असतं.

वाऱ्याचाही परिणाम होतो. हिवाळ्यात उत्तर भारतावर उंचावरून पश्चिमेकडून जोरदार वारे वाहतात. म्हणून मुंबई-कोलकाता जाताना वेळ वाचतो, परतताना जास्त लागतो. बेळगाव-दिल्ली मार्ग जवळपास दक्षिणोत्तर असल्याने हा वारा बाजूने लागतो. जाण्या-येण्यात तेवढा फरक पडत नाही. इथं खरी अडचण डिसेंबर-जानेवारीतल्या दिल्लीच्या धुक्याची.

आता घरापासूनचा हिशेब. निपाणी ते सांबरा साधारण ८५ किलोमीटर. बेळगाव शहरातली गर्दी धरून दोन तास. विमानतळावर दोन तास आधी पोचायचं. विमानाचे अडीच तास. सामान घेऊन बाहेर पडायला पाऊण तास, शहरात पोचायला आणखी पाऊण तास. झाले आठ तास! तरीही गोवा एक्सप्रेसने बेळगावहून दिल्लीला जायला सुमारे दीड दिवस लागतो, हे पाहता वेळ वाचतोच.

निपाणीकरांना कोल्हापूरचं उजळाईवाडी विमानतळ जवळ, सुमारे ४० किलोमीटरवर आहे. मात्र तिथून विमान बदलून जायचं असेल, तर मधल्या थांब्याचे तास मोजा. रस्त्यावर वाचलेला एक तास तिथं सहज जातो. दोन्ही प्रवास एकाच तिकिटावर घ्या. वेगवेगळी तिकिटं काढली आणि पहिल्या विमानाला उशीर झाला, तर दुसऱ्याचे पैसे बहुधा बुडतात.

वेळापत्रक हंगामानुसार बदलतं, त्यामुळे तिकीट काढताना पुन्हा तपासा. आणि सकाळी साडेदहाची मुलाखत असेल, तर आदल्या दिवशीच दिल्ली गाठा. मुक्कामाचा खर्च होईल, पण संधी हातची जाणार नाही.