एस्प्रेसो यंत्र : विद्युत् दोषशोधन
घरगुती एस्प्रेसो यंत्रातील विद्युत् दोष शोधण्यापूर्वी प्लग काढून यंत्र थंड होऊ द्यावे. पाणी तापत नसल्यास तापकाचा रोध मोजतात. २३० व्होल्ट दाबावर चालणाऱ्या १,००० वॉट तापकाचा रोध सु. ५३ ओहम असतो. तो अनंत आढळल्यास तापकाची तार तुटलेली असते. तो योग्य असल्यास तापनियंत्रक व औष्णिक वितळतार तपासतात. यंत्र चालू करताच घरातील ३० मिलिअँपिअर क्षमतेचा गळतीरोधक खटका पडत असल्यास, तापकाच्या निरोधनात ओलावा शिरून विद्युत् प्रवाह धातूच्या सांगाड्यात झिरपत असण्याचा संभव असतो. अशा वेळी भूसंपर्क तार काढल्यास खटका पडणे थांबू शकते. परंतु दोष तसाच राहून सांगाड्यास स्पर्श करणाऱ्यास प्राणघातक धक्का बसू शकतो. म्हणून सदोष तापक बदलणे हाच योग्य उपाय होय.