कान्हेरीच्या डोंगरातील सस्तन जीव : हवामान आणि माणूस

बोरिवली, गोरेगाव, मुलुंड आणि ठाणे यांच्या मधोमध सुमारे 104 चौरस किलोमीटरचे अरण्य उभे आहे. संजय गांधी राष्ट्रीय उद्यान हे त्याचे आजचे नाव. आपल्याला ते अधिक जवळचे वाटते ते कान्हेरीमुळे. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकापासून पुढे कित्येक शतके भिक्खुसंघाने येथील काळ्या पाषाणात शंभरांहून अधिक लेणी कोरविली. या अरण्यात सस्तन प्राण्यांच्या सुमारे 40 जातींची नोंद आहे. महानगराच्या कुशीत एवढे जीव कसे टिकले, आणि पुढे टिकतील काय, याचा विचार या लेखात करावयाचा आहे.

कोणत्या भूमीवर कोणते प्राणी नांदावेत, हे प्रथम हवामान ठरविते. मुंबईत वर्षाला सरासरी 2200 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सर्व जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. त्यामुळे येथे उन्हाळ्यात पाने ढाळणारे व पावसाळ्यात दाट होणारे पानझडी वन वाढले. पाला, फळे व कंद यांवर चितळ, सांबर, भेकर, वानर, रानडुक्कर आणि साळिंदर जगतात, त्यांच्यावर बिबट्या. सह्याद्री ओलांडून पर्जन्यछायेतील माणदेशात गेले, की पाऊस 500 मिलिमीटरच्या घरात येतो. तेथे वनाऐवजी माळरान, आणि सांबराच्या जागी काळवीट, लांडगा व खोकड दिसतात. भीमाशंकरच्या दमट, सदाहरित वृक्षराजीत पुन्हा शेकरू भेटते. संपूर्ण आशिया खंडाला हाच नियम लागू पडतो. आग्नेय आशियाच्या पर्जन्यवनांत सस्तनांच्या जाती विपुल आहेत, तर मध्य आशियाच्या थंड वाळवंटांत त्या मोजक्याच आहेत.

हवामान स्थिर नसते, म्हणून ही मांडणीही कायमची नसते. नर्मदेच्या खोऱ्यात पाणघोड्याचे जीवाश्म सापडतात. आज भारतातील कोणत्याही नदीत तो रानटी अवस्थेत नाही. पूर्वी हवामान पालटले, की प्राणी हळूहळू सरकत आणि मानवेल अशी भूमी शोधत. सरकण्यास वाट मोकळी असणे, हीच त्यांच्या तगण्याची मोठी अट होती.

ही वाट माणसाने अडविली. अरण्याचे तुकडे पडले, की मोठे क्षेत्र लागणारे प्राणी प्रथम नाहीसे होतात. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत साष्टीत वाघाचा वावर होता. आज तो नाही. देशभराचा अनुभव वेगळा नाही : शिकार आणि माळरानांचा ऱ्हास यांमुळे चित्ता भारतातून नामशेष झाल्याचे 1952 साली जाहीर झाले. मात्र माणसाच्या एका गरजेने हे अरण्य राखलेही. मुंबईच्या पाण्यासाठी 1860 मध्ये विहार आणि 1879 मध्ये तुळशी तलाव पूर्ण झाला आणि त्यांच्या पाणलोटातील झाडी सुरक्षित राहिली.

वाघ गेला, बिबट्या राहिला. कारण तो थोड्या जागेत, मिळेल त्या भक्ष्यावर जगू शकतो. 2015 च्या कॅमेरा-गणनेत उद्यान व परिसरात 35 बिबटे आढळले. वस्त्यांच्या कडेला साचणाऱ्या कचऱ्यावर भटकी कुत्री वाढतात आणि त्यांच्या मागावर बिबट्या येतो. 2002 ते 2004 या काळात माणसांवरील हल्ले वाढून अनेकांचे प्राण गेले, त्यांत बालकेही होती. पुढील अभ्यासातून हे स्पष्ट झाले, की बिबटे पकडून दुसरीकडे सोडल्याने संघर्ष शमत नाही, उलट वाढू शकतो. कचऱ्याची विल्हेवाट, पुरेसा उजेड, शौचालयांची सोय, सांजवेळी मुलांसोबत मोठे माणूस असणे, हे उपाय अधिक उपयोगी पडतात. या अरण्यातील वारली पाड्यांनी तर वाघोबाला देव मानून पिढ्यान्‌पिढ्या त्याच्या शेजारी संसार केले.

आता दोन्ही संकटे एकत्र आली आहेत. तापमान वाढत आहे, पावसाची लय बिघडत आहे. आणि सरकावे तर तीन बाजूंना शहर. उत्तरेस घोडबंदर रस्त्यापलीकडे नागला वनखंड, त्यापुढे वसईची खाडी आणि पलीकडे तुंगारेश्वर. ही वाट जिवंत ठेवली नाही, तर कान्हेरीचे अरण्य बेटासारखे एकाकी पडेल. बेटावरील अल्पसंख्य प्राण्यांत आप्तसंकर वाढतो, आणि एखादी रोगाची साथ किंवा दुष्काळही त्यांचा वंश संपवू शकतो.

तथागतांनी भिक्खूंना वर्षावासाचा नियम घालून दिला, त्यामागे पावसाळ्यात उगवणारी हिरवी रोपे व लहान जीव पायदळी तुडविले जाऊ नयेत, ही दृष्टी होती. ऋतू पाहून माणसाने आपले पाऊल आवरावे, असा तो विनय आहे. सम्राट अशोकाने आपल्या पाचव्या स्तंभलेखात अनेक प्राण्यांना अभय दिले, त्यांत वटवाघळाचाही समावेश आहे. विनाकारण अरण्ये जाळण्यासही त्याने मनाई केली.

विद्यालयातून बाहेर पडलेले आपले कितीतरी विद्यार्थी आज अंधेरी, घाटकोपर, मुलुंड, बोरिवली येथे राहतात. आपल्या वस्तीतील कचरा उघड्यावर पडू न देणे, बिबट्या दिसताच जमाव न करता वनविभागास कळविणे, रस्ते व बांधकामांच्या योजनांत प्राण्यांच्या वाटेचा आग्रह धरणे, एवढे तर आपल्या हाती निश्चितच आहे. ‘सब्बे सत्ता’ म्हणताना आपण सर्व प्राणिमात्रांचे सुख इच्छितो. त्या शब्दांत साळिंदर, वटवाघूळ आणि बिबट्याही येतात, हे पुढच्या पिढीला शिकविणे आम्ही धम्मशिक्षणाचाच भाग मानतो.