उत्तरार्धातली बाराखडी

"आता या वयात काय शिकायचे?" हे वाक्य आपल्याकडे इतक्या सहजपणे उच्चारले जाते की, त्यात काही निराशा आहे याची बोलणाऱ्यालाही जाणीव नसते. पेन्शनीत निघालेल्या गृहस्थाने सकाळी फिरून यावे, दुपारी तेच वर्तमानपत्र दुसऱ्यांदा वाचावे, संध्याकाळी नातवाला बागेत न्यावे आणि रात्री दूधपोळी खाऊन लवकर निजावे, अशी त्याची दिनचर्या इतरांनीच ठरवून टाकलेली असते. घरातल्या बाईच्या बाबतीत तर प्रश्नच उद्भवत नाही. तिला मुळी पेन्शनच नाही!

मला मात्र वाटते की, शिकण्याचे नि विशेषतः लिहिण्याचे खरे वय तेच. तरुणपणी हाताशी शब्द पुष्कळ असतात, पण सांगण्यासारखे थोडे. उतारवयात कोठार भरलेले असते; अडते ते फक्त दार उघडण्यापाशी.

लक्ष्मीबाई टिळकांचेच पाहा ना. जन्म 1868 चा. शाळेचे तोंड पाहिले नव्हते. अक्षरओळख झाली ती लग्नानंतर, पतीकडून. त्यांच्या 'स्मृतिचित्रां'चा पहिला भाग प्रसिद्ध झाला 1934 साली, म्हणजे वयाच्या सहासष्टाव्या वर्षी. मी महाविद्यालयात मराठी शिकवतो. अलंकार नि वृत्ते समजावून सांगताना जांभया देणारी मुले हे पुस्तक वाचू लागले की सरसावून बसतात. त्यात आहे काय? सोवळेओवळे, नवऱ्याचा विक्षिप्तपणा, पाहुणे, पैशांची चणचण. घरोघरी असते तेच. पण ते जसे घडले तसे सांगितलेले आहे.

दुसरे उदाहरण वरसईच्या गोडसे भटजींचे. घरच्या कर्जापायी हा कोकणातला भिक्षुक दक्षिणा मिळवावी म्हणून उत्तरेकडे निघाला आणि 1857 च्या धामधुमीत नेमका सापडला. झाशीचा पाडाव त्याने डोळ्यांनी पाहिला. घरी परतला तो आईबापांसाठी गंगेची कावड घेऊन. हे सारे त्याने लिहून काढले ते सुमारे पंचवीस वर्षांनी, आणि पुस्तकरूपाने ते लोकांसमोर आले 1907 साली, चिंतामणराव वैद्यांच्या हातून. म्हातारपणी भटजीबुवांनी "आता काय लिहायचे!" म्हणून लेखणी खाली ठेवली असती, तर त्या काळाकडे साध्या मराठी माणसाच्या नजरेने पाहणारा एवढा मोठा वृत्तांत आपल्याला कुठून मिळाला असता?

कुणी म्हणेल, ही मोठी माणसे. तर मग मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावाकडे वळू. तेथे 8 मार्च 2016 रोजी आजीबाईंची शाळा सुरू झाली. साठीच्या पुढच्या बायका गुलाबी नऊवारी नेसून, पाठीवर दप्तर अडकवून दुपारची कामे उरकल्यावर पाटी गिरवायला येऊ लागल्या. त्यांना नोकरी मिळवायची नव्हती की परीक्षेत पहिले यायचे नव्हते. पोथी आपली आपण वाचावी नि अंगठ्याऐवजी सही करावी, एवढीच हौस. पण जन्मभर दुसऱ्याच्या तोंडून ऐकलेली पोथी स्वतःच्या बोटाखाली उमटताना बघणे ही काय लहान गोष्ट आहे?

आमच्या वसाहतीतल्या वडीलधाऱ्या मंडळींनी गेल्या वर्षी मला गळ घातली, "सर, आम्हाला जरा लिहायला शिकवा." शनिवारी संध्याकाळी आठदहाजण जमू लागले. त्यांत तारखात्यातून निवृत्त झालेले चौऱ्याहत्तर वर्षांचे एक गृहस्थ होते. पहिल्या दिवशी म्हणाले, "आमच्या आयुष्यात काय घडणार? तारा आल्या, तारा गेल्या. आता तर 2013 च्या जुलैत तारच बंद झाली. संपले!"

मी म्हटले, "तात्या, एकाच तारेविषयी लिहा."

तीन शनिवार वही कोरीच आली. चौथ्या शनिवारी त्यांनी दोन पाने वाचून दाखवली. हात कापत होता, आवाजही. बिंदू नि रेघांची खटखट; सणासमारंभाच्या ठरीव शुभेच्छांना क्रमांक असत, दिवाळीलाही होता, ती गंमत; आणि मग एका दुपारी त्यांच्याच हाताने उतरवून घेतलेली, त्यांच्याच आळीतल्या एका घराची तार. त्या घरचा मुलगा परगावी गेला होता. तो आता परत यायचा नव्हता. तार नेऊन देणे हे शिपायाचे काम; याने तोंडातून अक्षर काढायचे नाही, असा नियम. त्या संध्याकाळी ते नेहमीच्या रस्त्याने न येता मागच्या बोळाने घरी आले. पुढे कित्येक वर्षे त्या माउलीने त्यांना संक्रांतीचा तिळगूळ दिला. आपल्याआधी ही बातमी यांना कळली होती, हे तिला कधीच कळले नाही. त्यांनी ते बायकोलाही सांगितले नव्हते.

वाचून झाल्यावर खोलीत कुणी बोलेना. मग एक आजी हळूच म्हणाल्या, "तार आली म्हटले की आमचे पाय लटपटत. पण ती घेणाऱ्याचेही लटपटत असतील, हे कधी मनातच आले नाही हो."

मला वाटते, लिहिण्याचे मोल एवढेच आहे. तारखाते कधी सुरू झाले, कधी बंद झाले, हे इतिहासाच्या पुस्तकात मिळेल. मागच्या बोळाची वाट मात्र तात्यांखेरीज कुणालाच ठाऊक नव्हती. ती त्यांच्याबरोबरच नाहीशी झाली असती.

अशा वाटा घरोघरी आहेत. रॉकेलच्या रांगेत कोण भेटे, चाळीतल्या नळावर पहाटे काय बोलणे होई, पहिला पगार आईच्या हातावर ठेवला तेव्हा ती काय म्हणाली, हे ज्यांना ठाऊक आहे ते आज आपल्या शेजारच्या खोलीत बसले आहेत. शुद्धलेखनाची त्यांना धास्ती वाटते. ती वाटू नये. ऱ्हस्वदीर्घ मागाहून कुणीही सुधारील. आठवण मागाहून कुणाला पुरवता येणार नाही.

लक्ष्मीपूजनाला व्यापारी नव्या वह्यांची पूजा करतात. यंदा पाटावर एक साधी रेघांची वहीही मांडावी, तिच्यावर हळदकुंकू वाहावे आणि फराळाचे ताट पुढे करताना ती घरातल्या वडीलधाऱ्यांच्या हाती द्यावी. मात्र "तुमचे आत्मचरित्र लिहा" असे म्हणू नये, ते घाबरतील. "एकच गोष्ट लिहा," असे सांगावे, आणि ती वाचून दाखवतील तेव्हा ऐकायला बसावे.