जुन्या घरांतील वीज आणि वायरमनची पारख

मुंबईंत १८९६ सालीं प्लेगची साथ उद्भवली आणि १८९८ सालीं शहरसुधारणेसाठीं इंप्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. या ट्रस्टनें दादर-माटुंगा भागांत आंखलेली वसाहत हें मुंबईच्या पहिल्या नियोजित उपनगरांपैकीं एक होय. तेथील दोन-तीन मजल्यांच्या हवेशीर इमारतींत वीज आली ती मुख्यतः प्रकाशासाठीं. खोलीमागें एक दिवा, बैठकीच्या खोलींत पंखा आणि पुढें कोपऱ्यांतील रेडिओ, एवढ्यावर त्या काळच्या गृहस्थाची विजेची गरज भागत असे. आज त्याच घरांत वातानुकूल यंत्र, गिझर, इंडक्शन शेगडी आणि धुलाईयंत्र नांदत आहेत. भिंती त्याच, आणि कांहीं घरांत लांकडी पट्टींतल्या ताराहि त्याच.

दीड टनाचें वातानुकूल यंत्र सुमारें ७ ते ८ अँपियर प्रवाह घेतें. २००० वॉटचा गिझर जवळजवळ ९, आणि तितक्याच वॉटची शेगडीहि ९. सकाळच्या घाईंत तिन्ही एकदम चालूं झालीं कीं २५ अँपियर झाले. तारेंत उत्पन्न होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढते, म्हणजे प्रवाह दुप्पट झाला तर उष्णता चौपट होते. दोन दिवे आणि एक पंखा यांच्यासाठीं घातलेल्या तारेनें हें सोसावें अशी अपेक्षाच गैर आहे.

अशा घरांत फ्यूज वारंवार उडतो. मग नाक्यावरचा वायरमन येतो, फ्यूजमध्यें जाड तार घालतो किंवा १६ अँपियरचा एमसीबी काढून ३२ चा बसवितो. दिवे लागतात, मंडळी समाधान पावतात, आणि तो चहा घेऊन निघून जातो. हें काम स्वस्त आहे, झटपट आहे आणि घातक आहे. एमसीबी असतो तो प्रथमतः भिंतींतल्या तारेच्या रक्षणासाठीं. तारेच्या ताकदीपेक्षां मोठा एमसीबी बसविणें म्हणजे पहारेकऱ्याला झोपेचें औषध देणें होय. उद्यां तार तापेल, पण कळ पडणार नाहीं. अशी युक्ति जो हंसतमुखानें सुचवितो त्याला घरांतील दुसरें काम सांगूं नये.

जुनीच लाइन पुढें वाढवूं, ही सूचनाहि तितकीच संशयास्पद. पूर्वीच्या तारांवर रबराचें वेष्टन व त्यावर सुती विणकाम असे. वर्षानुवर्षांच्या उष्णतेनें रबर ठिसूळ होतें. तार हलविली नाहीं तोंवर तें जागेवर असतें, पण नवा जोड देण्यासाठीं वांकविली कीं त्याचे तुकडे पडूं लागतात.

तथापि सर्वांत मोठी उणीव डोळ्यांना दिसत नाहीं. जुन्या दोन छिद्रांच्या प्लगांना अर्थिंगच नसे. पुढें तीन छिद्रांचे प्लग बसले, परंतु तिसऱ्या छिद्रामागें कित्येकदां तारच नसते, किंवा ती पाण्याच्या लोखंडी नळास बांधलेली असते. इमारतीनें गंजलेले नळ काढून प्लास्टिकचे घातले, त्या दिवशीं तें अर्थिंग कोणाला न कळतां नाहींसें झालेलें असतें. नंतर एखाद्या सकाळीं गिझरची कॉइल फुटून त्याच्या पाण्यांत व आवरणांत वीज उतरली, तर तिला जमिनीकडे जाण्यास वाट उरते ती नळाखालीं उभ्या असलेल्या माणसाच्या देहांतून.

आरसीसीबी हें उपकरण याच प्रसंगासाठीं आहे. फेजमधून गेलेला आणि न्यूट्रलमधून परतलेला प्रवाह यांची तें सतत तुलना करतें, आणि ३० मिलिअँपियर इतका प्रवाह भलत्या वाटेनें निसटतांच क्षणार्धांत पुरवठा तोडतें. त्यालाहि मर्यादा आहे. एका हातानें फेज व दुसऱ्या हातानें न्यूट्रल कोणी धरल्यास, गेला तितका प्रवाह परत आला असेंच त्याला दिसतें. आणि तें अर्थिंगची जागा घेत नाहीं. घरांत दोन्ही हवींत.

जाणता कारागीर आल्याबरोबर भाव सांगत नाहीं. घरांत कोणकोणतीं यंत्रें आहेत व पुढें कोणतीं यावयाचीं आहेत हें तो विचारतो, बोर्ड उघडतो, आणि मग जिना उतरून मीटरच्या खोलींत जातो. कारण मंजूर भार अपुरा असला किंवा इमारतीचें अर्थिंगच सुकलेलें असलें तर वरच्या बिऱ्हाडांत नव्या तारा घालून काय होणार? तें काम सोसायटीच्या सभेंत मांडावें लागतें, आणि तेथें वर्ष सहज निघून जातें. बल्ब किंवा फ्यूज बदलणें अशीं किरकोळ कामें सोडल्यास, कायद्याप्रमाणें वायरिंगचें काम शासनाचा परवाना असलेल्या ठेकेदारानें सक्षमता-प्रमाणपत्रधारक पर्यवेक्षकाच्या देखरेखीखालीं करावयाचें असतें. परवाना पाहावयास मागण्यांत संकोच वाटण्याचें कारण नाहीं.

भाव बहुधा पॉइंटमागें ठरतो, आणि गफलत होते ती तेथेंच. पॉइंटचा भाव कमी करून तार बारीक घालतां येते. प्लास्टर झाल्यावर तें कोण पाहणार? म्हणून तारेची जाडी कागदावर लिहून घ्यावी: सामान्यतः दिव्यांसाठीं १.५ चौरस मिलिमीटर, मोठ्या प्लगांसाठीं २.५, आणि गिझर व वातानुकूल यंत्र यांना ४ ची प्रत्येकीं स्वतंत्र लाइन, हिरव्या अर्थिंगच्या तारेसह. काम संपल्यावर ५०० व्होल्टच्या मेगरनें वेष्टनाची परीक्षा व्हावी, व कांटा निदान १ मेगओहमच्या वर राहावा. देयकाचा शेवटचा हप्ता या परीक्षेपर्यंत हातीं ठेवलेला बरा.

झिऱ्या बुजविण्यापूर्वीं प्रत्येक भिंतीचें छायाचित्र मात्र घरच्यांनींच काढून ठेवावें. चार वर्षांनीं तसबिरीसाठीं खिळा ठोकतांना तेंच उपयोगीं पडतें.